मोठा टायर की योग्य टायर? गटाच्या पिकअपची गोष्ट

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जफेडीबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज मी टायरबद्दल बोलणार आहे. हो, गाडीच्या टायरबद्दल! "ते गडीमाणसांचं काम, आपल्याला काय त्यातलं कळतं," असं मीही म्हणायचे. पण गाडी आपल्या गटाची आहे, तिचा हप्ता आपल्या बचतीतून जातो आणि टायरचं बिल आपल्या वहीत चढतं. मग टायर कुठला घ्यायचा हे आपल्याला कळायलाच हवं.

आमचा गट जुन्नर तालुक्यातला, डोंगराच्या कडेच्या गावातला. आम्ही अकरा जणी. तीन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. आमचा टोमॅटो आणि भाजीपाला नारायणगावच्या बाजारात न्यायचा, रिकाम्या वेळी दुसऱ्यांचं भाडं मारायचं, असा हिशोब. गाडी चालवतो आमच्या एका ताईंचा पुतण्या. पोरगा चांगला, निर्व्यसनी, गाडीवर जीव असलेला.

गेल्या जुलैची गोष्ट. दुपारी तोडणी झाली, साठ क्रेट भरले आणि पावसानं गाठलं. शेतातून डांबरी रस्त्याला लागायला आमची पाणंद आहे, जेमतेम दीड किलोमीटर. मध्ये एक उतार, त्याच्या पायथ्याशी पाणी साचतं. तिथं गाडी रुतली. पोरानं गाडी जितकी रेटली तितकं मागचं चाक खाली गेलं. ट्रॅक्टर मिळेपर्यंत रात्र झाली. माल दुसऱ्या दिवशी गेला, तोवर खालचे क्रेट गळायला लागले होते आणि भावही उतरला होता. त्या एका फेरीत आमच्या दोघी जणींची मेहनत पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. पुतण्या म्हणाला, "काकू, आपण मोठे टायर टाकू. ते जाड गोट्यांचे, डोंगरात चालणारे, ऑल टेरेन म्हणतात बघा. गाडी उंच होईल, चिखलातून सरसर निघेल. एका जीपवाल्यानं त्याचे काढून ठेवलेत, निम्म्या किमतीत देतोय." अकरापैकी आठ जणींनी हात वर केले. मीही केला. पैसे वाचत होते ना!

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आजी बोलल्या. आजी गटातल्या सगळ्यात वयस्कर. त्या म्हणाल्या, "आरं, गाडी रुतली कशानं ते तर आधी बघा. मग इलाज करा."

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या एका वाक्यात आहे. आम्ही काय बघितलं आणि काय शिकलो ते आता सांगते.

टायर वाचायला शिकू या

बैठकीतून उठून आम्ही सगळ्या थेट गाडीपाशी गेलो. टायरच्या बाजूवर रबरातच अक्षरं आणि आकडे उठवलेले असतात. आकडे इंग्रजी, पण मोबाईलवर नंबर वाचता येतो तिला हेही वाचता येतात. आमच्या टायरवर होतं: २१५/७५ आर १५.

पहिला आकडा, २१५, म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, ७५, म्हणजे रुंदीच्या शंभरात ७५ भाग इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे लोखंडी रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आर हे अक्षर टायरच्या आतले धागे कसे टाकलेत ते सांगतं. आजकाल बहुतेक टायर तसेच असतात.

याच ओळीच्या पुढं आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. हा आकडा म्हणजे तो टायर किती वजन पेलेल याची खूण. आकडा म्हणजे किलो नव्हे, त्याचा तक्ता असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. हे वजन एका टायरचं आणि पूर्ण हवा असतानाचं. मालवाहू टायरवर कधी दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ मारून. त्यातला पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असलेल्या गाडीसाठी, दुसरा जोडचाकांसाठी. आपल्या पिकअपला एका बाजूला एकच चाक, म्हणून आपण पहिला आकडा बघायचा. आकड्यामागचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं.

आता चार आकड्यांची एक छोटी चौकट शोधा. ती टायरचा जन्म सांगते. २३२४ असं असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. दुधाच्या पिशवीवर आपण तारीख बघतो ना, तसंच हे.

मोठा टायर किती मोठा?

जीपवाल्याचे टायर होते २३५/७५ आर १५. रिम तीच, म्हणून आमच्या गाडीला बसले असते. दिसायला थोराड आणि खोल गोट्यांचे. बघताच वाटावं, हे आले की चिखल हरला.

मी वही काढली आणि आमच्या एका ताईंच्या बारावीतल्या मुलीनं गणित केलं. आमच्या टायरची रुंदी २१५, त्याचे शंभरात ७५ म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर उंची. ती वर एकदा आणि खाली एकदा, अधिक रिमचे ३८१ मिलिमीटर. चाकाची एकूण उंची झाली सुमारे ७०३ मिलिमीटर. मोठ्या टायरची, त्याच रीतीनं, सुमारे ७३३. म्हणजे चाक ३० मिलिमीटरनं उंच.

आता गंमत ऐका. चाक ३० मिलिमीटरनं उंच झालं, पण गाडी तितकी उंच होत नाही. चाकाचा आस चाकाच्या मध्यावर असतो. म्हणून गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. साधारण अर्धा इंच. एवढ्यासाठी आम्ही पैसे घालणार होतो! आमच्या पाणंदीतली चाकोरी वीतभर खोल होती. अर्ध्या इंचानं तिथं काय होणार?

मोठ्या चाकाची किंमत

तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीच्या रहाटावरून पाणी ओढलंय त्यांना हे लगेच समजेल. रहाटाचा दोर गुंडाळायचा भाग जाड असला की एका फेरीत जास्त दोर वर येतो, पण फिरवताना हात भरून येतो. बारीक असला की फेऱ्या जास्त लागतात, पण ओढायला हलका. गाडीचंही तसंच. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते, पण इंजिनला ते फिरवणं जड पडतं. आमच्या हिशोबात फरक होता शंभराला चारचा. सपाट रस्त्याला तो कळणार नाही. पण भरलेली गाडी चढाला लागली की एक गिअर खाली टाकावा लागतो, क्लच जास्त दाबला जातो, डिझेल जास्त जातं. शिवाय खोल गोट्यांचा टायर वजनानंही जड. आणि चाक मोठं झालं की ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो. घाटाच्या उतारावर मागं तेराशे किलो माल असताना ब्रेक हीच आपली लक्ष्मणरेषा.

दुसरी किंमत मीटरची. गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठं झालं हे त्याला कोण सांगणार? तो जुन्याच हिशोबानं दाखवत राहतो. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळत असते. आणि मीटरवर १००० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०४३ किलोमीटर धावलेली असते. आमचं भाडं किलोमीटरवर आहे. वीस रुपये किलोमीटर धरा, तर दर हजारामागं ८६० रुपये आम्ही गिऱ्हाइकाला फुकट देणार! हा आकडा ऐकल्यावर आमच्या खजिनदार ताई एकदम सावरून बसल्या.

तिसरी किंमत जागेची. रुंद आणि उंच टायर रिकाम्या गाडीत नीट बसलेला दिसतो. पण माल भरला की मागचे पाटे दबतात, खड्ड्यात चाक वर येतं आणि मडगार्डला घासतं. पुढचं चाक पूर्ण वळवलं की आतल्या बाजूला घासतं. घासून घासून टायरची बाजू कापली जाते आणि टायर फुटतो तो नेमका भरलेल्या गाडीचा. कुणी कधी तुम्हाला मोठा टायर बसवून दाखवला तर एवढं करा: माल भरून, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत वळवून बघा.

आणि स्टेपनी? चार टायर मोठे आणि स्टेपनी जुन्याच मापाची, तर पंक्चर झाल्यावर एकाच आसावर एक चाक लहान आणि एक मोठं. मागच्या आसावर असं चाललं तर आतले गिअर विनाकारण झिजतात. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर हा फरक फारच महागात पडतो.

थोराड दिसतो, पण पेलतो किती?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जीपवाल्याचे टायर थोराड, म्हणून आम्हाला वाटलं की ते वजनही जास्त पेलतील. मग आजींच्या नातीनं वजनाचा आकडा वाचला. आमच्या जुन्या, बारीक दिसणाऱ्या टायरवर होता १०६. म्हणजे एका टायरला ९५० किलो, मागच्या दोघांना मिळून १९०० किलो. मोठ्या टायरवर होता १०५. म्हणजे ९२५ किलो, दोघांना मिळून १८५०.

मोठ्या टायरांची जोडी पन्नास किलो कमी पेलत होती!

असं का? कारण तो माणसं नेणाऱ्या जीपसाठी बनवलेला. आमचा टायर मालवाहू गाडीसाठी बनवलेला. त्यावर 'एलटी' अशी अक्षरं आहेत, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा टायर. त्यावर '८ पीआर' असंही लिहिलंय. पीआर म्हणजे टायरच्या अंगाचा कणखरपणा सांगणारा आकडा. कणखर टायरमध्ये हवा जास्त भरता येते आणि वजन खरं तर ती हवाच पेलते. जीपच्या टायरमध्ये आमच्याइतकी हवा भरताच आली नसती. कमी हवेचा टायर भरलेल्या गाडीखाली चपटा होतो, बाजू सतत दुमडते, आतून तापतो. उन्हाळ्यात रस्त्यात टायर फुटतो तो पुष्कळदा असाच.

भरलेल्या पिकअपचं जास्त वजन मागच्या आसावर पडतं. पुढच्या आणि मागच्या आसावर किती वजन चालतं याची नोंद मालवाहू गाडीच्या नोंदणीत केलेली असते. मागच्या आसाचं वजन घ्या, त्याचे दोन भाग करा. प्रत्येक टायरचा आकडा त्याहून कमी नको. हा हिशोब चौथीतली मुलगी करेल, पण दुकानात कुणी करत नाही.

आणि शेवटी ती जन्मतारखेची चौकट. जीपवाल्याच्या टायरवर होतं २२१५. म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. गोट्या शाबूत, पण रबर म्हातारं. खाचांच्या मुळाशी बारीक चिरा दिसत होत्या. रबर न वापरताही कडक होतं, उन्हानं भेगाळतं. निम्म्या किमतीतला हा माल आम्ही आठ हात वर करून घ्यायला निघालो होतो.

मग गाडी रुतली कशानं?

आता आजींच्या प्रश्नाकडं येऊ. आम्ही आमचेच मागचे टायर बघितले आणि माना खाली घातल्या. टायर गोटा व्हायला आले होते!

टायरच्या खाचांच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की खाच उरली फक्त १.६ मिलिमीटर. आपल्या मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी तीच शेवटची मर्यादा आहे. आमचे टायर तिच्या अगदी जवळ होते. चिखलात तर पकड त्याच्या कितीतरी आधी सुटते, कारण चिखल धरायला खाचच उरत नाही. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून बांधावर चालून बघा, म्हणजे कळेल.

दुसरं कारण गाडीच्या रचनेत आहे. आपल्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर ओढतात. मागचं एक चाक चिखलात घसरायला लागलं की ते एकटंच गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक गप्प उभं राहतं. तेव्हा पाय दाबून उपयोग नाही. फिरणारं चाक स्वतःची कबर खणतं. टायर अर्धा इंच मोठा केला म्हणून हे बदलत नाही. बदलतं ते खाचांनी आणि त्या चाकाखाली काय आहे त्यानं.

तिसरं कारण आमची पाणंद. पाणी साचतं ती जागा एकच, दहा-बारा पावलांची.

नक्षी कुठली निवडायची?

म्हणजे माप मोठं करायची गरज नव्हती, नक्षी बघायची गरज होती. नक्षीचे ढोबळ तीन प्रकार.

पहिला, डांबरी रस्त्याचा. उभ्या रेघा, बारीक खाचा. आवाज कमी, झीज कमी, डिझेल कमी, ओल्या डांबरावर ब्रेक चांगला लागतो. चिखलात मात्र खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन जातो.

दुसरा, सगळ्या वाटांचा, म्हणजे पुतण्या म्हणत होता तो ऑल टेरेन. गोट्या मोठ्या, खाचा रुंद, कडेला उघड्या. चाक फिरताना चिखल कडेनं बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला टायर पुन्हा जमीन धरतो. खडी-मुरमावर बाजू सहज कापली जात नाही. पण डांबरावर आवाज करतो, डिझेल थोडं जास्त मागतो, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर पहिल्या प्रकाराइतका लवकर थांबत नाही.

तिसरा, निव्वळ चिखलाचा. ट्रॅक्टरच्या टायरसारख्या मोठमोठ्या गोट्या. तो रोज बाजाराला जाणाऱ्या गाडीसाठी नाही. डांबरावर भराभर झिजतो.

आपल्याला कुठला, हे आपल्या मातीवर आणि आपल्या फेरीवर ठरतं. मी पुतण्याला सांगितलं, आठवडाभर प्रत्येक फेरीचे डांबरी किलोमीटर आणि कच्चे किलोमीटर वेगळे लिही. शंभर किलोमीटरमागं कच्चे निघाले सात. तुमच्याकडं वीस निघतील, तीस निघतील. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या चिकट मातीच्या मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांना माहीतच आहे, ती माती भिजली की कुठल्याही नक्षीत गच्च बसते. तिथं टायरपेक्षा वाफसा येईपर्यंत थांबणं किंवा बैलगाडीनं माल डांबरीपर्यंत आणणं शहाणपणाचं.

कागदाचं काय?

आणखी एक बाजू आहे, ती कायद्याची. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरच्या मापाचीही नोंद असते. आपली गाडी मालवाहू, म्हणजे तिला ठराविक काळानं फिटनेस करून घ्यावं लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. तिथं अडवणूक नको, आणि देव न करो, अपघात झाला तर विमावाल्याच्या हातात आयतं कारण नको. दरवाजा उघडला की चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीनं चालणारी मापं आणि हवा लिहिलेली असते. त्यात दोन मापं दिली असतील तर मोठं घ्यायला हरकत नाही. त्यात नसलेलं माप नको.

आम्ही काय केलं

आम्ही जीपवाल्याला नको म्हणून सांगितलं. पुतण्याचं तोंड उतरलं. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझं निम्मं बरोबर होतं. नक्षी तुझी घेऊ, माप कंपनीचं ठेवू."

मागच्या आसाला दोन नवे टायर घेतले. त्याच मापाचे, एलटी, वजनाचा आकडा तोच, पण नक्षी खडबडीत, सगळ्या वाटांची. पुढचे उभ्या रेघांचे टायर चांगले होते, ते तसेच ठेवले. पुढं रेघांचा, मागं गोट्यांचा, ही रीत आपल्याकडं मालगाड्यांना जुनीच आहे. पुढचं चाक वळायला, मागचं ओढायला. एक नियम मात्र पक्का: एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, एकसारखे झिजलेले.

दुकानात आम्ही तिघी गेलो. दुकानदार पुतण्याशीच बोलत होता. अक्कांनी विचारलं, "दादा, यावरचा आठवडा कुठला? आयएसआयची खूण दाखवा. आणि बिलावर टायरचा नंबर घाला." तेव्हा त्यानं आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या! मैत्रिणींनो, गाड्यांच्या टायरला आयएसआयची खूण आपल्या देशात सक्तीची आहे. ती नसेल तर दुकान सोडा. हवा भरायचा वॉल्व्ह नवा घ्या, बॅलन्सिंग करून घ्या, अलाइनमेंट बघून घ्या. आणि नवा टायर चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट पुन्हा आवळून घ्या. ते विसरू नका.

रिमोल्डबद्दलही विचारणा झाली. स्वस्त पडतो हे खरं. पण आमचा ठराव असा: पुढच्या चाकाला रिमोल्ड कधीच नाही.

उरलेल्या पैशात दोन गोष्टी केल्या. हवा मोजायचं छोटं यंत्र घेतलं. दर सोमवारी सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना हवा बघायची आणि वहीत लिहायची. पाळी लावलीय, दर आठवड्याला एक जण. दुसरं, दोन ट्रॉल्या मुरूम आणून पाणंदीतल्या त्या दहा-बारा पावलांच्या जागेत टाकला आणि कडेनं पाण्याला चर काढून दिला. गाडीत दोन जाड फळ्या आणि फावडं कायम ठेवलं. चाक फिरायला लागलं की पाय काढायचा, उतरायचं, फळी घालायची. रेटायचं नाही.

अख्खी पाणंद नीट करायची तर ते गटाच्या पैशाचं काम नाही. २०२१ साली राज्य सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीच्या कामांशी जोडून. आता त्यातलं काय चालू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा असते, तिथं पाणंदीचा विषय लेखी द्या. आम्ही दिलाय. अजून काम झालेलं नाही, पण विषय वहीत चढलाय आणि आम्ही दर सभेला विचारतोय.

खोटं सांगणार नाही. त्यानंतरही सप्टेंबरात गाडी एकदा अडकली, दुसऱ्या शेताच्या वाटेला. फळ्या घातल्या, दहा क्रेट उतरवले, वीस मिनिटांत बाहेर. माल त्याच रात्री बाजारात गेला. पहाटे पुतण्याचा फोन आला, "काकू, पोचलो. भाव बरा आहे." मी वही उघडली आणि आजींना निरोप पाठवला.

आता तुमच्यासाठी काम. पुढच्या बैठकीला खोलीत बसू नका, गाडीपाशी बसा. गटाची नसेल तर ज्या गाडीतून तुमचा माल जातो तिच्यापाशी. पाच गोष्टी वहीत लिहा: टायरचं माप, वजनाचा आकडा, जन्माचा आठवडा, खाच किती उरली, आणि दरवाज्यावर लिहिलेली हवा. मग गाडी कुठं अडकते ती जागा लिहा. एवढं हातात असलं की कुणीही येऊन "मोठे टाका, भारी टाका" म्हणालं, तरी तुम्हाला विचारता येईल, "किती पेलतो, दाखव."

पुढच्या वेळी गाडीच्या विम्याचा कागद घेऊन येते. तोही आपण मिळून वाचू. तोवर नमस्कार.